घरातला लेथ आणि अर्धवट राहिलेली तार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराभोवतालच्या गल्ल्या, भोसरी-चिखलीच्या शेड, नाशिकच्या सातपूर-अंबडलगतच्या कामगार वस्त्या यांत एक दृश्य आता कोणालाही नवे राहिलेले नाही. घराच्या पुढच्या खोलीत अथवा मागच्या पत्र्याच्या पडवीत एक जुना लेथ उभा असतो. एका बाजूला ओतकामाचे नग रचलेले असतात, दुसऱ्या बाजूला लोखंडाच्या किसाचा ढीग साचलेला असतो. भिंतीपलीकडे, पुष्कळदा तर केवळ पडद्यापलीकडे, स्वयंपाकघर असते. मोठ्या कारखान्याने मध्यम कारखान्याला दिलेले काम मध्यम कारखाना लहान शेडवाल्याला देतो आणि शेडवाला ते नगामागे ठरलेल्या दराने या घरात आणून टाकतो. बोअरचे माप चुकले तर नग परत येतो, मजुरी कापली जाते. माप अचूक आले तर त्याच दराने पुढचा ढीग येतो.

या व्यवहारातील मापाची चिकित्सा सर्वजण करतात. लेथची मोटार ज्या तारेवर चालते त्या तारेची चिकित्सा मात्र कोणीच करीत नाही. काम देणारा करीत नाही, वीजपुरवठा करणारी कंपनी करीत नाही, कारखाना निरीक्षकाला तर ते घर दिसतच नाही. वरवर पाहता ही बाब क्षुल्लक, एखाद्या वायरमनने दुपारभरात उरकण्यासारखी वाटते. परंतु देशात विजेच्या धक्क्याने मृत्यू पावणाऱ्यांची जी संख्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत छापून येते, ती अलीकडच्या काळात वर्षाला दहा हजारांच्या वर राहिली आहे. त्यांतील किती माणसे घरातल्या यंत्रावर काम करताना गेली याचा हिशेब त्या आकड्यांतून लागत नाही. घरात घडलेला मृत्यू हा घरगुती अपघात म्हणून नोंदला जातो. तो श्रमिकाचा, कामावर असताना झालेला मृत्यू होता ही गोष्ट नोंदीबरोबरच पुसली जाते.

हा लेथ घरात आला कसा, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतील विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे वळले. माग तोच, कापडही तेच. परंतु मागाभोवतीचे कायद्याचे, संघटनेचे आणि सुरक्षिततेचे कुंपण गळून पडले. यंत्रकामाच्या क्षेत्रात हेच अधिक संथपणे आणि गाजावाजा न होता घडत गेले. कारखान्याने आपले किरकोळ टर्निंग बाहेर द्यावयास सुरुवात केली, कामगार कमी केले, जुनी यंत्रे भंगाराच्या अथवा थोड्या चढ्या भावाने विकली. हिशेबाच्या रकमेतून त्याच कारखान्याच्या एखाद्या टर्नरने तसाच जुना लेथ घेतला आणि टेम्पोत घालून घरी आणला. कारखान्यात त्या लेथभोवती अर्थिंगचे खड्डे होते, स्टार्टर होता, बंद पेटीतील स्विचगिअर होते, तीन पाळ्यांना हजर असणारा इलेक्ट्रिशियन होता. टेम्पोत लेथ चढला. बाकीचे सारे कारखान्यातच राहिले. उत्पादनाबरोबर धोका कामगाराच्या घरी पोचविला गेला; धोक्यावरचा इलाज मात्र मालकाच्या आवारात राहिला.

विजेचा व्यवहार येथे नेमका कसा चालतो हे समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाची तीव्रता ध्यानात येणार नाही. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. मोटारीच्या वेटोळ्यांवरील आवरण उष्णतेने, तेलाने अथवा दमटपणाने खराब झाले, किंवा लोखंडाच्या धारदार किसाने केबलचे कातडे कापले, की फेजची तार यंत्राच्या अंगाला टेकते. लेथ हा आपादमस्तक धातूचा. त्याची प्रत्येक मूठ, प्रत्येक चाक हातात धरूनच काम करावे लागते. घामाने आणि कूलंटने ओल्या झालेल्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास धरला तर त्यातून २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. दहा मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि धरलेली मूठ सोडणे अवघड होते. तीस मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही काळ छातीतून वाहत राहिला तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणजे जीव घेण्यास अँपिअरचा एक लहानसा अंश पुरतो.

फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भय कसले, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत घातक आहे. सोळा अँपिअरचा एमसीबी हा तारा जळू नयेत म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून जाणारे दोन-अडीचशे मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीतही नसतात. माणूस यंत्राला चिकटून राहील आणि एमसीबी आपल्या जागी निश्चल राहील, यात त्या उपकरणाचा काही दोष नाही. ते त्या कामासाठी बनविलेलेच नाही.

दुसरी समजूत अर्थिंगविषयीची. अंगणात एक सळई ठोकली आणि तिला तार जोडली की यंत्र सुरक्षित झाले, असे मानले जाते. हिशेब करून पाहावा. त्या सळईचा जमिनीशी विरोध २० ओहम आहे असे समजू. कोरड्या, खडकाळ जमिनीत तो याहूनही अधिक असतो. फेज यंत्राच्या अंगाला टेकली तर २३० ला २० ने भागून साडेअकरा अँपिअर, किंबहुना त्याहून थोडा कमीच, प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडत नाही. तेव्हा दोष तसाच चालू राहतो आणि लेथच्या अंगावर दोनशेहून अधिक व्होल्ट उभे राहतात. मीटर फिरत राहते, सळईभोवतालची माती तापून कोरडी होते आणि विरोध आणखी वाढतो. अर्थिंग हवेच, तेही भारतीय मानक ३०४३ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने केलेले आणि मोजून पाहिलेले हवे. परंतु घराच्या पातळीवर केवळ सळईच्या भरवशावर राहता येत नाही.

येथे जे उपकरण खरोखर उपयोगी पडते ते म्हणजे गळती-प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे, तीस मिलिअँपिअरचे आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही, एवढेच ते पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या लहानशा अंशात ते पुरवठा तोडते. सळईचा विरोध २० ऐवजी १०० ओहम असला तरी ते आपले काम करते. त्यालाही मर्यादा आहेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरणाऱ्याला ते वाचवू शकत नाही, आणि त्याचे परीक्षणाचे बटण महिन्याकाठी एकदा दाबून पाहिले नाही तर वेळेवर ते दगा देऊ शकते. तरीही माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये उभे राहणारे इतके स्वस्त दुसरे साधन नाही.

याउलट वस्त्यांतून प्रत्यक्षात काय आढळते? अर्थिंगची तार नसेल तर न्यूट्रलच यंत्राच्या अंगाला जोडून देण्याची वहिवाट आहे. जोवर न्यूट्रल अखंड आहे तोवर काही जाणवत नाही. ज्या दिवशी खांबावर अथवा कटआउटमध्ये न्यूट्रल सुटते, त्या दिवशी मोटारीच्या वेटोळ्यांतून आलेले पूर्ण व्होल्टेज लेथच्या अंगावर येते. अशा जोडणीत आरसीसीबी बसविले तर ते टिकतच नाही, सारखे पडते. मग "हे खराब आहे" असे म्हणून ते काढून टाकले जाते. आरसीसीबी खरे बोलत होते. खोटी होती ती जोडणी. दुसरी वहिवाट नळाच्या पाइपाला अर्थिंग जोडण्याची. लोखंडी पाइपांच्या जागी प्लास्टिकचे पाइप आल्यापासून ते अर्थिंग कोठेच पोचत नाही.

सर्वांत भयानक प्रकार आहे तो अर्धवट अर्थिंगचा. घरातील सर्व सॉकेटांच्या अर्थ-पिना एकमेकींना जोडलेल्या असतात, परंतु मुख्य तार जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. अशा घरात लेथमध्ये दोष उत्पन्न झाला की ते व्होल्टेज त्याच सामायिक तारेने फ्रिजच्या दांड्यावर आणि गीझरच्या नळावर जाऊन उभे राहते. पुढच्या खोलीतल्या यंत्राचा धक्का आतल्या खोलीतल्या बाईला किंवा मुलाला बसतो. कारखान्यातल्या कामगाराने धोका पत्करला तर तो निदान स्वतःपुरता असे. घरातला लेथ तो धोका सबंध कुटुंबात वाटून देतो.

विजेच्या धक्क्याखेरीज आणखी एक संकट आहे, त्याकडे तर अजिबातच लक्ष जात नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने तीव्र भारनियमन अनुभवले. वीज जाणे-येणे आजही संपलेले नाही. लेथ साध्या स्विचवर अथवा मागे-पुढे फिरविण्याच्या ड्रम स्विचवर चालत असेल, तर वीज गेल्यावर यंत्र थांबते, परंतु स्विच चालूच राहतो. टर्नर जॉब मोजण्यासाठी वाकतो, चकमध्ये चावी घालतो, आणि नेमकी त्याच वेळी वीज येते. चावी गोळीसारखी सुटते, बाही चकमध्ये ओढली जाते. वीज गेल्यावर आपोआप सुटणारी आणि बटण दाबल्याखेरीज पुन्हा न चढणारी कॉइल असलेला स्टार्टर असेल तर हा अपघात घडू शकत नाही. त्याच स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले मोटार जळण्यापासून वाचविते. मोटारीसाठी म्हणून का होईना, हे साधन कारखान्यात नेहमीच बसविले जाई. घरी आलेल्या लेथवर ते हटकून गैरहजर असते.

अलीकडे आणखी एक भर पडली आहे. थ्री फेज जोडणी मिळत नाही म्हणून सिंगल फेजवरून थ्री फेज मोटार चालविणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह वस्त्यांतून आले आहेत. वेग हवा तसा कमीजास्त करता येतो, हा त्यांचा मोठा गुण आहे. परंतु त्यांतील कपॅसिटर पुरवठा बंद केल्यावरही काही मिनिटे भारित राहतात, त्यामुळे झाकण लगेच उघडणाऱ्याला धक्का बसू शकतो. त्यांच्या फिल्टरमधून अर्थ-तारेत थोडा प्रवाह सततच वाहतो, म्हणून त्यांचे अर्थिंग तुटलेले असणे अधिकच धोक्याचे. शिवाय ड्राइव्हमागे बसविलेले आरसीसीबी त्या प्रकारच्या प्रवाहासाठी योग्य जातीचे असावे लागते. ही माहिती दुकानातल्या खोक्याबरोबर परक्या भाषेतील बारीक अक्षरांत येते आणि खोक्याबरोबरच फेकली जाते.

इतके सर्व माहीत असूनही सुधारणा का होत नाही? सुशिक्षितांचे ठरलेले उत्तर असे की कामगार निष्काळजी असतो. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात उत्तर देणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी येत नाही. मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप राखणारा माणूस स्वभावतः निष्काळजी असेल, हे पटण्यासारखे नाही. कारणे अन्यत्र आहेत.

पहिले कारण कायद्याच्या भीतीचे. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ अन्वये, ज्या कारणासाठी जोडणी दिली त्याहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. वापर केव्हापासून सुरू झाला हे ठरविता आले नाही तर मागील बारा महिन्यांची आकारणी होते. घरगुती मीटरवर लेथ चालविणारा म्हणून लेथ लपवितो. लपविलेल्या यंत्रासाठी तो परवानाधारक कंत्राटदाराला बोलावीत नाही, चाचणी अहवाल मागत नाही, वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याला दारात उभा करीत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२० च्या दर-आदेशात घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना, महिन्याला ३०० आणि वर्षाला ३६०० युनिटांच्या मर्यादेत, घरगुती दर लागू ठेवला होता. ही समजूतदारपणाची तरतूद होती, परंतु ती किती टर्नरांच्या कानांवर गेली? शिवाय एक अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराने आठ तास चालली तर दिवसाला सुमारे आठ युनिटे लागतात; पंचवीस दिवसांची दोनशे. त्यात घराचा वापर मिळविला की मर्यादा हाताशी येते, आणि दोन अश्वशक्तीचा लेथ असेल तर ती सहज ओलांडली जाते. भीती मग पुन्हा आपल्या जागी येऊन बसते.

दुसरे कारण कायद्याच्या आंधळेपणाचे. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच तिला कारखाना मानले होते. त्याची जागा घेणारी २०२० ची सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिने ही मर्यादा वीसवर नेली. एक माणूस आणि एक लेथ यांचे घर आधीही बाहेर होते. आता त्याच्या सोबतीला पुष्कळ शेड आल्या. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी गळती-प्रवाह रोखणारे उपकरण सक्तीचे केले, परंतु २५० व्होल्टपर्यंतच्या, पाच किलोवॉटहून लहान जोडण्यांना त्यातून वगळले. २०२३ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले. तथापि त्या मधल्या वर्षांत बसलेल्या असंख्य लहान जोडण्या आजही तशाच उभ्या आहेत, आणि शरीराला बसणारा धक्का जोडणीच्या किलोवॉटांवर अवलंबून नसतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरी बसून काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र करार, क्रमांक १७७, संमत केला आणि सुरक्षिततेच्या बाबतीत त्यांना इतर कामगारांबरोबरीची वागणूक द्यावी असे म्हटले. भारताने तो स्वीकारलेला नाही.

तिसरे कारण सर्वांत साधे आणि सर्वांत कठोर आहे. नगामागच्या दरात लोखंडाचा, टूलच्या झिजेचा, कसाबसा विजेचाही हिशेब असतो. अर्थिंगच्या खड्ड्याचा, स्टार्टरचा, आरसीसीबीचा नसतो. हा खर्च लेथच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. परंतु दर ठरविताना शेजारचा टर्नर दोन पैशांनी खाली उतरायला तयार असेल, तर अल्प खर्चही टाळला जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर घरमालक अंगणात खड्डाच खणू देत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिकही आहे. घराघरांत तपासनीस पाठविले तर सुरक्षितता येण्याऐवजी हप्ते सुरू होतील आणि गरिबाचा लेथ बंद पडेल, असे म्हटले जाईल. ही भीती निराधार नाही. अनुभवातूनच आलेली आहे. म्हणूनच सुरक्षिततेची तपासणी आणि दराची तपासणी एकाच हाती असता कामा नये. जो माणूस दंड लावू शकतो त्याला कोणी आपले जुने वायरिंग दाखविणार नाही. ठराविक मुदतीत स्वतःहून यंत्र नोंदविणाऱ्यावर कलम १२६ ची मागील आकारणी होणार नाही, असे जाहीर अभय द्यावे लागेल. आरसीसीबी आणि स्टार्टर वीज कंपनीने पुरवून त्यांची किंमत बिलातून लहान हप्त्यांनी वसूल करावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वायरमन-इलेक्ट्रिशियन शाखांचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन वस्त्यांत गेले, तर त्यांचे शिक्षणही होईल आणि वस्तीचे काम. आणि ज्या मोठ्या कारखान्यांच्या मालाचा साखळीतला शेवटचा नग या घरांतून निघतो, त्यांनी नगाच्या मापाबरोबर तारेच्या स्थितीचीही खातरजमा करावी व तिचा खर्च दरात धरावा. गुणवत्तेसाठी पुरवठादाराच्या पुरवठादारापर्यंत तपासनीस पाठविणाऱ्यांना हे अशक्य आहे, असे मानण्याचे कारण नाही.

कामगार संघटनांनीही आत्मपरीक्षण करावयास हवे. हजेरीपटावर नाव असलेल्या माणसापाशी संघटनेचे काम थांबले. तोच माणूस हजेरीपटावरून उतरून घरी गेला, तेव्हा संघटना त्याच्या मागे गेली नाही. घरी विखुरलेल्या टर्नरला संपाचे हत्यार नसते, परंतु वस्तीतल्या पन्नास टर्नरांनी मिळून एक परवानाधारक वायरमन नेमणे, मेगर सामायिक विकत घेणे, दरात सुरक्षिततेचा वाटा एकजुटीने मागणे हे त्यांच्या आवाक्यातले आहे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात यासाठी नवे तत्त्वज्ञान शोधावे लागणार नाही.

शासन आणि कारखानदार हलेपर्यंत काही गोष्टी वस्तीतच करता येतील. आरसीसीबी असेल तर त्याचे बटण दाबून पाहावे; नसेल तर पुढच्या मजुरीतून आधी ते घ्यावे. न्यूट्रल यंत्राच्या अंगाला जोडलेले असेल तर परवानाधारकाकडून ते सोडवून वेगळी अर्थ-तार खड्ड्यापर्यंत न्यावी आणि तिचा विरोध मोजून घ्यावा. साध्या स्विचच्या जागी कॉइलचा स्टार्टर बसवावा आणि हाताच्या टप्प्यात लाल थांबा-बटण ठेवावे. लेथवरचा दिवा २३० व्होल्टचा न ठेवता ट्रान्सफॉर्मरवरून २४ व्होल्टचा करावा. केबल जमिनीवर किसात लोळू न देता पाइपातून न्यावी. झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच पाडून पुरवठा खरोखर गेला आहे याची चाचणी घ्यावी. यांपैकी एकाही गोष्टीसाठी सरकारी ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मात्र या यादीवर सारी जबाबदारी टर्नरच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. ज्या दिवशी कारखान्याने आपला लेथ दाराबाहेर काढला, त्या दिवशी त्याच्यासोबत जमिनीपर्यंत जाणारी तारही द्यावयास हवी होती. ती दिली गेली नाही, कायद्याने विचारली नाही, आणि वस्तीवस्तीत ती आजही अर्धवट लोंबते आहे. ती जमिनीपर्यंत पोचविण्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न नगाच्या दराच्या वाटाघाटीत यापुढे मोठ्याने विचारला गेला पाहिजे.